‘दादर-माटुंग्यात कुठे खावे?’ या प्रश्नाचा यादीबाहेरचा इतिहास

१/
‘दादर-माटुंग्यात कुठे खावे?’ या प्रश्नाची उत्तरे देणाऱ्या याद्यांना सध्या भरती आली आहे. दहा जुनी ठिकाणे, दहा पदार्थ आणि शेवटी एक ठरलेले वाक्य : ‘ही मुंबईची अस्सल, मूळची चव, बाकी सगळे नंतर आलेले.’ हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. या परिसरात ‘मूळची’ म्हणावी अशी एकही खानपानसंस्था नाही. जे आहे ते साथ, कायदा, स्थलांतर, जात आणि भाडेपट्टा यांनी घडवलेले आहे. त्याचाच हा धागा.

२/
आरंभ स्वयंपाकघरात नव्हे, रुग्णाच्या खाटेपाशी होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिज्वराच्या प्लेगचे निदान केले. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये पावणेआठ लाखांच्या आसपास आली. वाढत्या बंदराच्या शहरात दहा वर्षांनी माणसे कमी भरावीत, एवढा तो आघात होता.

३/
सरकारी उत्तर होते ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेने दाट वस्त्या पाडल्या, नवे रस्ते काढले आणि बेटाच्या उत्तरेला दादर-माटुंगा-वडाळा-शीव पट्ट्यात नियोजित वस्ती आखली. आज हा भाग मुंबई ‘शहर’ जिल्ह्यात मोडतो. तेव्हा ते शब्दशः उपनगर होते. रुंद रस्ते, बागा, मर्यादित उंचीच्या इमारती आणि त्यांत नोकरदार मध्यमवर्गाची बिऱ्हाडे, असा तो आराखडा होता.

४/
ही जमीन रिकामी नव्हती. भातखाचरे, वाड्या, गावठाणे होती. कोळी, भंडारी, आगरी आणि स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे होती. ‘मूळची चव’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो यांच्या चुलींना लागू होईल. पण त्या चुली कोणत्याही यादीत नाहीत, कारण त्यांच्यावर पाटी नव्हती. जी ‘मूळची’ म्हणून मिरवली जातात ती ठिकाणे त्या शेतांवर रस्ते आखले गेल्यानंतरची आहेत.

५/
आता दुसरा प्रश्न. घराघरांत स्वयंपाकघर असलेल्या वस्तीत बाहेर खाण्याची गरज कुणाला पडली? उत्तर लोकसंख्येच्या रचनेत आहे. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे सव्वापाचशे. म्हणजे शहरातील पुरुषांचा फार मोठा भाग एकटा राहत होता. कुटुंब गावी, पगार मुंबईत आणि जेवण तिसऱ्याच्या हातचे. बाहेर खाणे हा शौक नव्हता. चूल नसलेल्यांची ती रोजची गरज होती.

६/
दादरच्या दक्षिणेला गिरणगाव. तिथल्या कामगाराची खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईची खोली. महिन्याचा हिशेब, ठरलेली पंगत, पगार झाल्यावर पैसे. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे तिची चूल पेटे. शहराचा कापडउद्योग जितका वाफेवर चालला तितकाच या बायांच्या भाकऱ्यांवरही चालला. पण त्या खोल्यांना नावे नव्हती, पाट्या नव्हत्या, स्थापनेची वर्षे नव्हती. म्हणून ‘वारसा’ या शब्दाच्या व्याख्येतून त्या आपोआप गळाल्या.

७/
या स्त्रियांची संघटित नोंद उमटायला १९७५ उजाडले. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले. खाणावळवाल्या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे पहिले काम होते. मुंबईतील बाहेर खाण्याच्या इतिहासात ही घटना कोणत्याही हॉटेलच्या उद्घाटनाहून मोठी आहे. खवय्यांच्या याद्यांत मात्र तिला जागा नसते.

८/
पाटी असलेल्या ठिकाणांकडे वळू. दादर स्थानकाजवळचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे. त्याच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द आहे. तो शोभेचा नाही. प्लेगच्या आठवणी ताज्या होत्या आणि साथ पुरती गेलेलीही नव्हती. अशा शहरात परक्या हातचे खाणाऱ्याला सर्वांत आधी जी हमी हवी होती ती चवीची नव्हे, स्वच्छतेची. बटाटावड्याचे गुणगान करणाऱ्यांनी पाटीवरचा हा शब्दही वाचावा.

९/
परंतु त्या काळात ‘स्वच्छता’ हा शब्द एकटा फिरत नसे. मुंबई-पुण्याच्या अनेक खानपानगृहांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’, ‘हिंदू’ अशी विशेषणे सर्रास असत. स्वयंपाक्याची जात ही गिऱ्हाईकाला दिलेली हमी होती, आणि कुणी आत यायचे नाही याची सूचनाही. परक्या हातचा चहा किती महाग पडे हे पुण्याने १८९० मध्ये पाहिले होते. पंचहौद मिशनमधील चहापानावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली.

१०/
ज्यांना प्रायश्चित्ताचा मार्ग उपलब्ध होता त्यांची ही कथा. ज्यांना दारातच अडवले जाई त्यांचे काय? या प्रश्नाला दादरमध्येच एक पत्ता आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी. देशातील एक अत्यंत समृद्ध खासगी ग्रंथालय या वस्तीत उभे राहिले, त्याच काळात शहरातील कित्येक उपाहारगृहांची दारे त्या ग्रंथालयाच्या मालकाच्या समाजाला बंद होती. ‘त्या काळचा साधेपणा’ म्हणताना हे वाक्य सोबत वाचले पाहिजे.

११/
दादर पश्चिमेला एस. के. बोले मार्ग आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मांडला : सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कार्यालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी हीच. पण ठरावाची मर्यादा लक्षात घ्यावी. त्याचा आधार सार्वजनिक पैसा होता. खासगी मालकीच्या हॉटेलच्या उंबरठ्यापाशी तो थांबला.

१२/
तो उंबरठा संविधानाने ओलांडला २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही तिथे प्रवेश नाकारता येणार नाही. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला १९५५ मध्ये. म्हणजे यादीतील जी ठिकाणे १९५० पूर्वीची, त्यांच्या काळात ‘सर्वांसाठी खुले’ हे गृहीत धरता येत नाही. ते लढून मिळवलेले आहे.

१३/
कायद्याआधी काही माणसांनी पंगतीचा मार्ग धरला होता. ‘निर्भीड’चे संपादक अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजने घडवली. जातीपातीची माणसे एका पंगतीत बसवायची तर पदार्थही गरिबाच्या घरचा हवा, हा त्यामागचा विचार. हाच झुणका-भाकर १९९५ मध्ये राज्य सरकारच्या एक रुपयाच्या योजनेत आला. पहिल्या वेळी प्रश्न होता कोण कुणाशेजारी बसतो हा. दुसऱ्या वेळी प्रश्न उरला किमतीचा. पदार्थ तोच राहिला, राजकारण बदलले.

१४/
आता माटुंगा. ‘इथली इडली म्हणजे परंपरा’ असे म्हटले जाते. परंपरा कुणाची? इंग्रजी शिकलेली तामिळ मंडळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारकुनी नोकऱ्यांसाठी मुंबईत आली आणि ट्रस्टच्या नव्या सदनिकांत स्थिरावली. १९३२ मध्ये ‘साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली. शाळा, भजनी समाज, बाजार आणि भोजनगृह या चारही गोष्टी एकाच वस्तीत उगवल्या. इडली-कॉफी त्या संसाराचा एक भाग होती; तो संसार वगळून इडली समजत नाही.

१५/
आणि वाढणारे हात बहुधा तामिळ नव्हते. ‘रामाश्रय’ १९३९ चे, ‘कॅफे मद्रास’ १९४० चे, ‘रामा नायक’ यांचे बोर्डिंग १९४२ चे. या धंद्यातील मोठा वर्ग आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून, उडुपी परिसरातून आलेला. तामिळ कारकुनासाठी तुळू-कन्नड-कोंकणी भाषक स्वयंपाकी, मुंबई प्रांताच्या राजधानीत, इंग्रजी अमदानीतील ट्रस्टच्या वसाहतीत. याला ‘एका समाजाची अस्सल चव’ म्हणणे म्हणजे पाहिलेले नाकारणे होय.

१६/
‘उडप्यांनी धंदा हिरावला, मराठी माणसाला जमला नाही’ हे दुसरे लाडके वाक्य. त्यात इतिहास कमी आणि तक्रार जास्त आहे. उडपी हॉटेलामागे गावाकडून साखळीने येणारी मुले होती, नात्यातले भांडवल होते, मोरीपासून गल्ल्यापर्यंत चढण्याची उमेदवारी होती. दिवसा टेबले पुसून रात्री कन्नड रात्रशाळेत बसणाऱ्या मुलांची पिढी या शहराने पाहिली आहे. त्यांच्या कष्टाला ‘आक्रमण’ म्हणणे सोपे. त्या बालश्रमाची किंमत मोजणे अवघड. याद्या दोन्ही टाळतात.

१७/
या तक्रारीचे पुढे राजकारण झाले. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि आरंभीच्या वर्षांतील दाक्षिणात्यविरोधी मोहिमेत उडपी हॉटेले लक्ष्य झाली. त्याच सुमारास दादर स्थानकाबाहेर वडापाव रूढ झाला. त्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. पुढे तो ‘मराठी खाद्य’ ठरला. त्याचे घटक पाहा : बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलेली, पावाची भट्टीही त्याच वाटेने आलेली. वडापाव मराठी आहेच. पण तो मराठी ठरला तो उगमामुळे नव्हे, दादरच्या गर्दीने आपला केल्यामुळे. तोच न्याय माटुंग्याच्या इडलीला का नाही?

१८/
इराणी हॉटेलांबद्दल एक कथा हमखास सांगितली जाते : हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली. कथा गोड आहे, पण स्पष्टीकरण म्हणून दुबळी. कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांची गिऱ्हाइके मिळतात, हे समजायला शुभाशुभाची गरज नाही. यझ्द-केरमान भागातून आलेल्या जरथुश्त्री कुटुंबांनी ट्रस्टने आखलेल्या चौकांचा हिशेब ओळखला. किंग्ज सर्कलचे ‘कुलार’ १९३२ चे आहे. चौक आधी आखला गेला, चहा मागाहून आला.

१९/
वाहतुकीचाही हिशेब तसाच. ‘दादर टी.टी.’ या नावातील दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली. नाव मात्र अजून तिथेच थांबले आहे. ट्राम जिथे रिकामी होई तिथे माणसे उतरत, आणि माणसे उतरत तिथे चहा उकळे. पश्चिम व मध्य या दोन रेल्वेंचे एकत्र येणारे स्थानक आणि ट्रामचा शेवट, या भूगोलाने दादरला खाण्याचे गाव केले. कुणाच्या ‘खवय्येगिरी’ने नव्हे.

२०/
फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या छावण्यांत पंजाबी निर्वासित आले. तळलेल्या कोळंबीच्या ‘कोळीवाडा’ प्रकाराचा उगम त्यांच्याच हॉटेलांत सांगितला जातो. कोळ्यांच्या वस्तीचे नाव, पंजाबी मसाला, समुद्र अरबी. याला ‘अस्सल’ म्हणायचे की ‘भेसळ’? दोन्ही शब्द निरुपयोगी आहेत. स्थलांतरितांचे शहर जे रांधते ते असेच असते.

२१/
सर्वांत मोठी दिशाभूल किमतीची. ‘जुने मालक साधे, म्हणून अजून स्वस्त, नवे लोभी, म्हणून महाग.’ १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आठवावा. त्याच्या इंग्रजी नावातच ‘हॉटेल’ हा शब्द होता. त्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. ज्या जुन्या उपाहारगृहांकडे असा भाडेहक्क टिकला त्यांच्या कॉफीच्या किमतीत गोठलेल्या भाड्याचा मोठा वाटा आहे. आज त्याच रस्त्यावर गाळा घेणाऱ्याला ते भाडे कोण देणार? दोघांच्या सचोटीची तुलना करण्याआधी दोघांच्या भाडेपावत्या शेजारी ठेवाव्यात.

२२/
आणि म्हणूनच खरा धोका ‘नव्या पिढीला जुनी चव कळत नाही’ हा नाही. इमारतींचा पुनर्विकास झाला की तळमजल्याचा जुना भाडेकरू नव्या हिशेबात अडचण ठरतो. परत जागा मिळाली तरी देखभालीचा खर्च नव्या इमारतीचा असतो. एखादे ठिकाण बंद पडले की हळहळीचा पूर येतो. पण गिऱ्हाइकाच्या निष्ठेने भाडेपट्टा टिकत नाही. ज्यांना ही ठिकाणे हवी आहेत त्यांनी पुनर्विकासाच्या अटी वाचायला शिकावे.

२३/
हळहळीलाही वर्ग असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा चालल्या नाहीत. पंगतीच गेल्या तेव्हा खाणावळींचे काय झाले, याची कुणी यादी केली नाही. अनेक घरांनी रस्त्यावर वड्याची कढई मांडली. त्या कढईला ‘अतिक्रमण’ म्हणायचे आणि काचेआडच्या त्याच वड्याला ‘वारसा’, हा भेद चवीने केलेला नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर विकणाऱ्याच्या उपजीविकेला संरक्षण मान्य केले आहे. वारशाचे कौतुक करणाऱ्यांनी तेवढे तरी मान्य करावे.

२४/
याचा अर्थ याद्या करू नयेत असा नाही. माटुंग्यात केळीच्या पानावर जेवावे, दादरला मिसळ खावी, मासे खावेत, आणि पोळी-भाजी केंद्रातल्या बाईकडची गरम पोळीही घ्यावी. आक्षेप खाण्याला नाही, ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ अशी विभागणी करण्याला आहे. १८९८ नंतर आखलेल्या वस्तीत सगळेच उपरे आहेत. फरक एवढाच की काहींची वर्षे पाटीवर आहेत आणि काहींची नाहीत.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढच्या यादीसमोर चार प्रश्न ठेवावेत. स्थापनेच्या वर्षी इथे कुणाला प्रवेश होता? आत कोण राबत होते आणि ते कुठून आले? जागेचे भाडे कोणत्या कायद्याने ठरले? आणि त्याच रस्त्यावर पाटीविना कोण जेवू घालत होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर राजगृहाच्या रस्त्यावर आहे, चौथ्याचे गिरणगावात. दोन्ही ठिकाणे दादर स्थानकापासून चालत जाण्याजोगी आहेत. जेवणाआधी जावे.